दोन मुलं, एकटी आई आणि इलेक्ट्रिक ममाचारी

टोकियोच्या एदोगावा वॉर्डातल्या निशि-कासाई, कासाई भागात नव्याने राहायला आलेल्या मराठी घरांतून मला हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, मुलांना पाळणाघरात सोडायला सायकल कुठली घेऊ? प्रत्येकीला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून ठेवते.

मी वापरते ती इलेक्ट्रिक ममाचारी. बुटकी, जाड दांड्यांची, मुलांच्या सीट बसवलेली, पायडल मारलं की मोटर सोबत जोर लावते अशी सायकल. टोकियोत पॅनासॉनिक, यामाहा आणि ब्रिजस्टोनच्या ममाचाऱ्या रस्तोरस्ती दिसतात. माझी कुठल्या कंपनीची ते सांगत नाही. तिघींत डावं-उजवं करण्याइतका फरक मला जाणवलेला नाही, आणि मला सांगायचं आहे ते कंपनीबद्दल नाहीच. गाडी पारखायची कशी, हे मला आमच्याच मजल्यावर राहणाऱ्या एका जपानी शेजारणीने शिकवलं. तिला थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा, तिचा घटस्फोट झालेला, माहेर लांब उत्तरेला आकितात. तिला विचारूनच लिहिते आहे. नाव तेवढं नको म्हणाली.

सायकल घ्यायला ती माझ्यासोबत दुकानात आली. मी आपली बॅटरी किती मोठी, एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर जाते, निळा रंग आहे का, हे विचारत बसले होते. ती तोवर स्टँडपाशी वाकली होती. तिने आपल्या धाकट्याला मागच्या सीटवर बसवून पट्टा लावला, स्टँड काढला, गाडी हातानेच दोन पावलं पुढे नेली आणि पायाने स्टँड पुन्हा लावला. दुकानदार मागे उभा होता, त्याला नुसतं लक्ष ठेवायला सांगितलं, हात लावू नका म्हणाली. मग दोन्ही हात सोडून खाली ठेवलेली पिशवी उचलली, खांद्याला अडकवली, खिशातून किल्ली काढली, परत ठेवली. गाडी तसूभर हलली नाही. पुढचं चाकही वळलं नाही. शेजारच्या दुसऱ्या गाडीवर तिने हेच सगळं पुन्हा केलं आणि त्या गाडीला नाही म्हणाली, कारण स्टँड लावायला तिला एका हाताने सीटचा मागचा दांडा धरून वर ओढावं लागत होतं.

"चालताना सगळ्या गाड्या चांगल्याच वाटतात," ती मला म्हणाली. "थांबल्यावर कशी वागते ते बघ."

तिच्या या एका वाक्यावर मी गाडी घेतली आणि आज दुसऱ्यांनाही तेच सांगते. घरात दोन मोठी माणसं असली की एक जण गाडी धरतो, दुसरा मुलाला बसवतो. माझा नवरा रात्री उशिरा येतो, पण सकाळी खाली उतरून बॅग धरायला असतो. तिच्याकडे ते दुसरं माणूस नाही. गाडी धरणं, मुलाला उचलणं, दुसऱ्याला रस्त्यावर धावू न देणं, पट्टे लावणं, हेल्मेट घालणं, सामान अडकवणं, सगळं एकाच वेळी तिने एकटीनेच करायचं. म्हणून या गाडीची खरी परीक्षा एकटी आईच घेऊ शकते. तिच्या हातात जी गाडी टिकली, ती आपल्याला डोळे झाकून चालेल.

मुळात ही गाडी अशी घडली कशी, तेही आयांमुळेच. सायकलवर दोन लहान मुलं बसवणं इथे नियमात बसत नव्हतं, तरी आया बसवत होत्याच, कारण कामाच्या वेळेत पाळणाघर गाठायचं तर दुसरा इलाज नव्हता. २००८ मध्ये पोलीस खात्याने याला स्पष्ट मनाई करण्याचा विचार चालवला तेव्हा आयांनी जाब विचारला, मग मुलांना न्यायचं कसं? शेवटी मनाई मागे पडली आणि गाडीच सुरक्षित करायचं ठरलं. जुलै २००९ पासून ठरावीक निकषांत बसणाऱ्या सायकलींवर दोन लहान मुलं बसवायला परवानगी मिळू लागली. सांगाडा किती मजबूत हवा, ब्रेक कसा लागायला हवा, उभी केल्यावर किती स्थिर राहायला हवी, हे सगळं त्या निकषांत आलं. त्यामुळे गाडी बघताना दोन मुलं बसवण्यास योग्य असल्याचा स्टिकर आधी शोधा. तो नसेल तर पुढे बोलणीच करू नका, मग गाडी कितीही स्वस्त असो.

आता गाडीतल्या गोष्टी. सगळ्यात मोलाची म्हणजे स्टँड लावताच हँडल आवळून धरणारी सोय. साध्या सायकलचं पुढचं चाक उभी केल्यावर कधीही वळतं आणि मुलाचं वजन पुढे असेल तर गाडी कलंडते. इथे स्टँड खाली आला की हँडल जखडतं, स्टँड काढला की सुटतं. वेगळं बटण दाबायला लागत नाही. स्टँड दोन्ही बाजूंनी फाकलेला, रुंद. चाकं बहुतेक वीस इंची, लहान, त्यामुळे मुलांच्या सीट खाली राहतात. धाकट्याला काखेतून उचलून बसवताना कंबर मोडत नाही, आणि थोरली स्वतः चढू शकते. मुलांच्या सीटला पाच ठिकाणी अडकणारा पट्टा असतो. तो लावताना एकाच हाताने क्लिप बसते का, हे दुकानात स्वतः करून बघा. हिवाळ्यात हातमोजे घालूनही बघा. काही गाड्यांना किल्ली खिशात असली की नुसतं बटण दाबून कुलूप उघडण्याची सोय आहे. मला आधी ती चैन वाटली होती. कडेवर झोपलेलं मूल आणि दुसऱ्या हातात पिशवी घेऊन एकदा किल्ली शोधून बघा, मग त्या सोयीचे पैसे जड वाटणार नाहीत.

मोटरबद्दल थोडक्यात सांगते. कायद्याने ताशी दहा किलोमीटरपर्यंत मोटर तुमच्या जोराच्या दुपटीपर्यंत मदत करू शकते, पुढे मदत कमी होत जाते आणि ताशी चोवीसला बंद होते. सुटताना गाडी जोरात पुढे झेपावते. सिग्नलला उभ्या असताना पायडलवर पाय ठेवून राहू नका, आणि एक पाय पायडलवर ठेवून दुसऱ्याने ढकलत चढायची सवय असेल तर ती आजच सोडा. आमच्या वॉर्डात चढ असे नाहीतच, सगळी सखल जमीन. चढ म्हणजे नद्यांवरचे पूल. तिथे खरी मोटर लागते.

शेजारीण रोज कासाईबाशी ओलांडून कोतो वॉर्डात जाते. तिथल्या वृद्धांच्या डे-केअर केंद्रात तिची नोकरी आहे. आराकावा नदीवरचा तो पूल हिवाळ्यात वाऱ्याने नको करून सोडतो. मुलांना पाळणाघरात सोडून झालेलं असतं, गाडी रिकामी असते, तरी वारा आडवा आला की मागच्या सीटचं कव्हर शिडासारखं फुगतं आणि गाडी बाजूला ओढते. ती पुलाच्या अलीकडे थांबून कव्हर गुंडाळून क्लिपने बांधते, मग पूल चढते. कव्हर घेताना ते पटकन गुंडाळता येतं का, हे बघण्याचा सल्ला तिचाच.

तिची सकाळ मी भिंतीपलीकडून ऐकते. आधी थर्मामीटरची पिपाणी दोनदा वाजते, कारण दोन्ही मुलांचा ताप मोजून पाळणाघराला कळवायचा असतो. मग तांदळाचा कुकर झाल्याची धून, मग दात घासण्यावरून भांडण, मग बूट. सातच्या पुढे ती खाली असते. क्रम ठरलेला आहे आणि तो कधीच बदलत नाही: आधी सामान, मग मोठी, मग धाकटा. उतरवताना उलटा. धाकटा पळणारा आहे, म्हणून तो शेवटी चढतो आणि पहिला उतरून थेट कडेवर येतो. हे मला कुठल्या माहितीपत्रकात सापडलं नाही. पाळणाघराच्या दारात आया एकमेकींना अमक्याची आई, तमकीची आई अशीच हाक मारतात, अगदी आपल्या वाड्यांतून मारायचे तशी, आणि गाडी कशी लावावी, मोजे कुठे स्वस्त मिळतात, कुठल्या डॉक्टरकडे गर्दी कमी असते, ही सगळी विद्या तिथेच मिळते. या बाबतीत एकट्या आया बाकीच्यांच्या दोन पावलं पुढे असतात, असं माझं मत झालं आहे. कारण त्यांनी प्रत्येक गोष्ट एका माणसात बसवून पाहिलेली असते.

सोमवार हा गाडीचा खरा कसोटीचा दिवस. शुक्रवारी घरी धुवायला आणलेली दुपारच्या झोपेची पांघरुणं, चादरी सोमवारी परत न्यायच्या असतात. दोन मुलांच्या दोन पिशव्या, बदलायचे कपडे, धाकट्याचे नाव लिहिलेले डायपर. पुढे सीट असेल तर टोपली नसते, मग हे ठेवायचं कुठे? तिने मागच्या सीटच्या पाठीला दोन मजबूत आकडे लावून घेतले आहेत आणि पिशव्या दोन्ही बाजूंना सारख्या वजनाच्या करून लटकवते. एकीकडे जास्त झालं तर गाडी वळणावर खेचते, आणि पट्टे लोंबत राहिले तर चाकात जातात, म्हणून ते वर बांधून टाकते. मी आता तसंच करते. दुकानात आकड्यांची सोय आहे का ते विचारा, बऱ्याचदा विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

पाऊस पडला की मुलं कोरडी राहतात, आई भिजते. सायकल चालवताना छत्री धरायला बंदी आहे, दंड होतो. मुलांच्या सीटवर प्लास्टिकचं घरासारखं कव्हर चढतं आणि आत ती गाणी म्हणत बसतात. आईच्या अंगावर रेनकोट. त्यात पैसे वाचवू नका. समोरून चेहरा उघडा राहील पण हँडलवरचे हात झाकले जातील असा लांब झगा घ्या. तो नसेल तर कामावर पोचेपर्यंत बाह्या कोपरापर्यंत ओल्या होतात आणि दिवसभर तशाच राहतात.

या गाडीचे दोष मी लपवणार नाही. पहिला दोष वजन. सीट धरून गाडी तीस किलोच्या वर जाते. रस्त्यातल्या ओल्या लोखंडी झाकणावरून, पांढऱ्या पट्ट्यावरून चाक घसरलं की ती सावरणं बाईमाणसाला काय, पुरुषालाही जड. शेजारणीची गाडी एकदा पावसात वळणावर आडवी झाली. मुलं पट्ट्यात होती, हेल्मेट होतं, सीटच्या कडा उंच असल्यामुळे कुणाला खरचटलंही नाही. तिने काय केलं ते मला बारकाईने सांगितलं आणि मी ते पाठ केलं आहे. आधी बॅटरीचं बटण बंद. मग मुलीचा पट्टा सोडून तिला भिंतीला टेकून उभं केलं, भावाचा हात धर म्हणून सांगितलं. मग मुलगा. दोघं भिंतीपाशी नीट उभे राहिल्यावरच गाडीला हात लावला, हँडल आणि सीटचा दांडा धरून, पाठ न वाकवता गुडघ्यातून उठत. वृद्धांच्या केंद्रात माणूस उचलायचं शिकवतात तसंच, ती म्हणाली. मुलं आत असताना गाडी उचलायला जाऊ नका, हात सुटला तर दुसऱ्यांदा पडेल.

दुसरा दोष स्टेशनजवळच्या सायकल तळावर कळतो. तिथे दोन मजली रॅक असतात आणि मुलांच्या सीटची गाडी त्यात बसत नाही. तिला जमिनीवरची रुंद जागा लागते आणि तशा जागा मोजक्या. सकाळी उशीर झाला की भरलेल्या. तिसरा दोष बॅटरीचा. ती काढून घरात नेऊन चार्ज करावी लागते आणि तिचं वजन तीन किलोच्या आसपास. ज्यांच्याकडे लिफ्ट आहे त्यांना हे कळणारही नाही. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. संध्याकाळी सहानंतर शेजारणीची दोन्ही मुलं गाडीवरच पेंगलेली असतात. मुलीला हलवून जागं करायचं, मुलाला खांद्यावर घ्यायचं, दुसऱ्या हातात बॅटरी, मनगटात बाजाराची पिशवी, आणि मुलीला एकेक पायरी मोजायला लावत वर चढायचं. ती मोजण्याची युक्ती झोपाळू मुलीला चालतं ठेवण्यासाठी आहे. म्हणून मोठी बॅटरी घ्या असं मी सांगते. अंतर जास्त जातं हा मुद्दा नाहीच. ती रोज वर न्यावी लागत नाही, तीन-चार दिवसांनी एकदा नेली की पुरतं.

आता किंमत. चांगली नवी गाडी दीड लाख येनच्या पुढेच जाते. २०२१ च्या सरकारी पाहणीनुसार जपानमध्ये एकट्या आईची सुमारे १२ लाख घरं आहेत. त्यातल्या ८६ टक्के आया नोकरी करतात, तरी कामातून त्यांना वर्षाला सरासरी २३ लाख ६० हजार येन मिळतात. म्हणजे महिन्याला दोन लाखांच्या आत. गाडी घ्यायची तर जवळजवळ महिनाभराची कमाई घालायची. मुलांच्या वडिलांकडून खर्चाचे पैसे मिळत असतील म्हणाल, तर त्याच पाहणीत असे पैसे चालू असलेल्या आया शंभरात फक्त २८ निघाल्या. शेजारीण त्या २८ मधली नाही.

तिच्या हिशोबात बसतो तो एकल पालकांना मिळणारा सरकारी भत्ता. एका मुलासाठी जास्तीत जास्त ४५ हजार येनच्या आसपास, आणि आईची कमाई वाढली की तो कमी होत जातो. पूर्वी तो वर्षातून तीनदा यायचा, नोव्हेंबर २०१९ पासून दर दोन महिन्यांनी येतो. हा बदल आपल्याला किरकोळ वाटेल, पण चार महिने वाट बघत घर चालवणाऱ्या बाईला तो किती मोठा आहे हे तिच्याकडून ऐका. दर ऑगस्टमध्ये वॉर्ड ऑफिसात जाऊन आपली परिस्थिती तीच आहे हे कागदावर दाखवावं लागतं, त्यासाठी ती अर्ध्या दिवसाची रजा राखून ठेवते. हा भत्ता घेणाऱ्या घरातल्या एकाला तोएई म्हणजे टोकियोच्या सरकारी बस आणि मेट्रोचा मोफत पास मिळतो. पण आमच्या स्टेशनवरून जाते ती तोझाई लाइन, ती तोएईची नाही. बस मिळते, पण ती पाळणाघराच्या दारात थांबत नाही. म्हणून सगळा हिशोब करून तिने गाडी हप्त्यांवर घेतली. हप्ते केव्हाच फिटले. मध्ये बॅटरी बदलावी लागली, ती चाळीस हजार येनच्या घरात पडली. हा खर्च घेतानाच धरून चाला. सायकलमुळे दुसऱ्याला झालेल्या नुकसानीची भरपाई देणारा विमा टोकियोत एप्रिल २०२० पासून सक्तीचा आहे, त्याचेही थोडे पैसे. हेल्मेट मुलांनाच नाही, एप्रिल २०२३ पासून सगळ्यांनीच घालावं असा नियम आहे.

जुनी गाडी घेऊ का, असं बऱ्याच जणी विचारतात. घ्या, पण बॅटरी किती वर्षांची आहे ते बघून, आणि मुलाची सीट मात्र शक्यतो नवी. पडलेल्या गाडीची सीट आतून तडकलेली असली तर वरून दिसत नाही.

ज्या कामासाठी ही गाडी मला सगळ्यात उपयोगी वाटते ते रोजचं नाहीच. पाळणाघरात मुलाचा ताप साडेसदतीस झाला की फोन येतो आणि घ्यायला जावं लागतं. दोन पालक असले की फोन कुणाला, यावर चर्चा होते. तिचा फोन एकच. एका दुपारी तो आला तेव्हा मी योगायोगाने पाळणाघराच्या दारात होते. ती पूल ओलांडून आली, घामाने डबडबलेली, पण आत शिरण्याआधी थांबून तिने चेहरा पुसला आणि श्वास नीट होईपर्यंत उभी राहिली. धाप लागलेली आई बघून मूल घाबरतं म्हणून. मग सीटची पाठ थोडी मागे केली, जॅकेटची गुंडाळी करून मुलाच्या मानेच्या बाजूला खोचली, आणि हळू चालवत घरी गेली. पाठ मागे झुकणारी आणि डोक्याला दोन्ही बाजूंनी आधार देणारी सीट का घ्यायची, ते मला त्या दिवशी कळलं.

आमच्या मराठी मंडळींत तिच्यासारखीचा विषय निघाला की कुणीतरी "बिचारी" म्हणतं. माझ्या डोक्यात सणक जाते. ती माझ्यापेक्षा शांतपणे घर चालवते, वेळेवर पोचते, आणि मला जमलं नसतं असं सगळं जमवते. मुद्दा तिच्या कमाईचा आहे, बालसंगोपनाच्या पैशांचा आहे, साडेपाचला न संपणाऱ्या कामाचा आहे. त्याबद्दल बोला. आणि दारात दिसली तर बॅटरी वर न्यायला हात द्या, पण आधी विचारून. मुलाला न विचारता उचलू नका, तिचा क्रम बिघडतो.

येत्या एप्रिलला तिची मुलगी पहिलीत जाईल आणि नियमाने तिला मागे बसवता येणार नाही. पाळणाघर साडेसातला उघडायचं, शाळेचं दार आठच्या सुमारास उघडतं. म्हणजे आई निघाल्यावर मुलीने दार लावून एकटीने शाळेत जायचं. पहिलीतल्या मुलांच्या काही आया इथे या अर्ध्या तासासाठी नोकऱ्या सोडतात. तिने कामावर बोलून सकाळची वेळ अर्धा तास पुढे ढकलून घेतली आहे, तेवढा पगार कापून. संध्याकाळी आमच्या एदोगावा वॉर्डातल्या शाळांत, शाळा सुटल्यावर मुलांना थांबता येईल असं सुकुसुकु स्कूल चालतं, तिथे मुलगी थांबेल. धाकटा पुढच्या सीटवरून मागे जाईल, आणि पुढे टोपली बसेल. पुढची सीट काढून टोपली लावता येते का, हे घेतानाच विचारून ठेवा, काही गाड्यांना येत नाही.

माझं मत मागाल तर एक मूल असलं तरी ही गाडी घ्या, आणि दोन असतील तर विचारही करू नका. मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये दुकानात जाऊ नका. एप्रिलमध्ये पाळणाघरांचं नवं वर्ष सुरू होतं, त्यामुळे तेव्हा हवा तो रंग मिळत नाही आणि गाडी हातात यायला वेळ लागतो. जानेवारीत नाव नोंदवा, मूल सोबत न्या, आणि एक भरलेली पिशवीही.